भूल देणारी सिस्टर व्हायचंय? खान्देशातून निघणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्यानं वाट

बारावीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. अमळनेरहून, शिरपूरहून, कधी शहाद्याहून. बहुतेक वेळा मुलीचे वडील किंवा मामा बोलतात आणि प्रश्न ठरलेला असतो: "ताई, आमच्या पोरीला ते भूल देण्याचं नर्सिंग करायचंय. नाशिकला कोर्स आहे का, की पुण्याला पाठवू?"

कोर्स नाशिकला नाही, पुण्यालाही नाही. भारतात कुठेच नाही. हे एक वाक्य मला कुणी २००९ साली सांगितलं असतं तर माझी दोन वर्षं आणि घरचे बरेच पैसे वाचले असते. मी बोरीकाठच्या एका गावातली. बी.एस्सी. नर्सिंग जळगाव जिल्ह्यात केलं, दोन वर्षं नाशिकच्या आयसीयूत काढली, लग्नानंतर अमेरिकेत आले, तिथे नर्सची परीक्षा दिली, आयसीयूत तीन वर्षं काम केलं आणि आता नर्स अ‍ॅनेस्थेटिस्टच्या, म्हणजे भूल देणाऱ्या नर्सच्या, अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षात आहे. शेवटची परीक्षा अजून बाकी आहे, त्यामुळे तज्ज्ञ म्हणून लिहीत नाही. वाटेत जिथे जिथे ठेचकाळले ते दाखवते.

१. आधी दार ओळखा, मग पैसे भरा

भूल देण्याच्या कामाशी संबंधित तीन वेगवेगळी दारं आहेत. आपल्याकडे त्यांची हमखास गल्लत होते, आणि खासगी संस्था ती गल्लत वापरून घेतात.

पहिलं दार डॉक्टरचं. भारतात भूल द्यायचा अधिकार भूलतज्ज्ञ डॉक्टरचा. नीट, एमबीबीएस, मग एम.डी. किंवा डीएनबी. तुमच्या तालुक्यात सिझरच्या वेळी ज्यांची गाडी येईपर्यंत सगळे थांबून राहतात, ते हे डॉक्टर.

दुसरं दार तंत्रज्ञाचं. भूलतज्ज्ञाच्या हाताखाली मशीन तपासणं, ट्यूब आणि औषधं मांडून ठेवणं, मॉनिटर लावणं हे यांचं काम. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा पदवी अभ्यासक्रम त्यासाठी आहे: तीन वर्षं अभ्यास, वर आंतरवासिता. २०२१ च्या केंद्रीय कायद्यात या तंत्रज्ञांचा वेगळा व्यवसाय म्हणून उल्लेख आहे. काम चांगलं आणि प्रतिष्ठेचं आहे. पण ते नर्सिंग नव्हे, आणि या दारातून पुढे नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट होता येत नाही.

तिसरं दार नर्सचं. अमेरिकेत नर्स पुढे शिकून स्वतः भूल देते. रुग्ण तपासते, औषध ठरवते, श्वासनळीत ट्यूब टाकते, ऑपरेशनभर उशाशी बसते, जागं करते. तिला सीआरएनए म्हणतात. ही काही नवी टूम नाही. १८७७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावी सिस्टर मेरी बर्नार्ड हे काम करत होत्या. मेयो क्लिनिकच्या अ‍ॅलिस मॅगॉ यांनी १९०६ मध्ये आपल्या चौदा हजारांहून जास्त भुलींची नोंद छापली, त्यात भुलीमुळे एकही मृत्यू नव्हता. त्या काळी साधन म्हणजे तोंडावर धरलेलं फडकं आणि त्यावर थेंबथेंब टाकलेलं इथर. डॉक्टरांनी हे काम मोठ्या संख्येनं हाती घेतलं ते नंतर.

माझ्या आतेबहिणीनं "अ‍ॅनेस्थेशिया नर्सिंग, एक वर्ष, शंभर टक्के नोकरी" अशी जाहिरात पाहून पैसे भरले होते. संस्थेचं नाव घेत नाही, आता ती संस्था त्या इमारतीत नाहीही. हातात आलं ते जाड कागदावरचं सोनेरी प्रमाणपत्र. ते ना नर्सिंग कौन्सिलनं मानलं, ना पॅरावैद्यक परिषदेनं. कुठल्याही कोर्सला पैसे भरण्याआधी एकच विचारा: याची नोंदणी कोणत्या परिषदेत होते? उत्तर देताना समोरचा "आयएसओ" (ते दर्जाचं प्रमाणपत्र, परिषद नव्हे) म्हणाला की चप्पल घाला आणि निघा.

२. हे काम तुम्हाला जमेल का, ते आधी बघा

अमेरिकेत या कामाचा सरासरी पगार वर्षाला दोन लाख डॉलरच्या वर आहे. लोक तो आकडा ऐकून फोन करतात. मी त्यांना एक किस्सा सांगते.

नाशिकला जायच्या आधी काही महिने मी एका तालुक्याच्या खासगी दवाखान्यात होते. हर्नियाचा रुग्ण, शेतकरी, पन्नाशीचा. सकाळी मी विचारलं, "बाबा, काही खाल्लं का?" म्हणे, "काहीच नही खादं ताई." टेबलावर घ्यायच्या आधी भूलतज्ज्ञांनी विचारलं, तेव्हाही तेच. मग त्यांनी प्रश्न बदलला: "चहा कितीला घेतला?" बाबा लगेच म्हणाले, "सातला. आन दोन खारी." आपल्याकडे चहा-खारी म्हणजे खाणं नव्हेच! पोटात अन्न असताना भूल दिली तर ते उलटून फुफ्फुसात जाऊ शकतं, माणूस दगावू शकतो. म्हणून घन आहारानंतर किमान सहा तास आणि पाण्यासारख्या पातळ पदार्थानंतर दोन तास उपाशी राहायचं असतं. दुधाचा चहा पाण्यात मोजत नाहीत. ऑपरेशन दुपारवर गेलं, सर्जन चिडले, बाबाही चिडले. भूलतज्ज्ञ शांतपणे बाहेर जाऊन पेपर वाचत बसले.

या कामातलं खरं कसब ते आहे. प्रश्न बदलून विचारता येणं. आणि चार लोक घाई करत असताना नाही म्हणून बसून राहता येणं.

दुसरी गोष्ट कानाची. पल्स ऑक्सिमीटरचा टक-टक आवाज तुम्ही ऐकला असेल. रक्तातला ऑक्सिजन उतरायला लागला की त्या आवाजाची पट्टी खाली येते. रुग्ण भुलीखाली, तुम्ही ट्यूब टाकताय, डोळे घशात, मॉनिटरकडे बघायला सवड नाही, आणि कानात तो सूर पायरी-पायरीनं उतरतोय. त्या वेळी हात थरथरत असतील तर चालतं, सरावानं थांबतात. डोकं बंद पडत असेल तर मात्र दुसरी वाट बघा. आयसीयूत सहा महिने काढले की स्वतःचं स्वतःला कळतं.

३. बारावी ते बी.एस्सी. नर्सिंग

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं. खुल्या प्रवर्गाला या विषयांत मिळून ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४०. माझ्या वेळी प्रवेशाची पद्धत वेगळी होती. २०२३ पासून महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंगसाठी स्वतंत्र सीईटी आहे, राज्याचा सीईटी सेल घेतो. अर्ज भरायच्या तारखा बारावीच्या परीक्षेच्या आसपासच येतात, म्हणून घरात एकानं संकेतस्थळावर डोळा ठेवायचा. निकालानंतर बघू म्हणणाऱ्यांचं वर्ष दरवर्षी जातं.

जीएनएम की बी.एस्सी.? शक्य असेल तर बी.एस्सी.च. जीएनएम तीन वर्षांचा डिप्लोमा आहे, त्यावर नोकरी लागते, अमेरिकेतली नर्सची परीक्षाही बऱ्याच राज्यांत देता येते. पण अ‍ॅनेस्थेशियाच्या अभ्यासक्रमाला पदवी लागतेच. जीएनएम झालं असेल तर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून घ्या.

कॉलेज निवडताना इमारत पाहू नका, सोबतचं हॉस्पिटल पाहा. तिथे आयसीयूत व्हेंटिलेटरवर खरे रुग्ण असतात की फक्त तपासणीच्या दिवशी? जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्ही ठिकाणी आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, त्यामुळे मोठं काम जिल्ह्यातच बघायला मिळू शकतं. माझ्या वेळी धुळ्यालाच जावं लागायचं. प्रवेशाआधी त्या कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलींना गाठा आणि विचारा, शेवटचा व्हेंटिलेटर कधी हाताळला? उत्तर द्यायला वेळ लागला की समजा.

प्रवेशाला लागणारे कागद: दहावी-बारावीचे गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमी लेअर, आधार, वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. यातलं जात वैधतेचं काम अकरावीतच सुरू करा. विशेषतः अनुसूचित जमातीच्या दाव्यांना आपल्याकडे किती खेटे पडतात, ते घरोघरी माहीत आहे.

आणि नाव! याला वेगळा परिच्छेद देते. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर आधी नाव. पासपोर्टवर वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. लग्नानंतर तर मधलं नावही बदलतं. अमेरिकेतल्या कारकुनासाठी ही तीन वेगळी माणसं असतात. माझं एक प्रकरण सात महिने अडकलं, कारण एका कागदावर आडनावात एक अक्षर जास्त होतं. पासपोर्ट दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच काढा, आणि पुढे नर्सिंगचा प्रत्येक कागद पासपोर्टप्रमाणे. लग्नानंतर नाव बदलायची घाई करू नका. सासूबाईंना समजावणं सात महिन्यांपेक्षा सोपं जातं.

४. नोंदणी आणि आयसीयू

पदवीनंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करा आणि तिचं नूतनीकरण कधीही चुकवू नका. परदेशी संस्था विचारतात तेव्हा नोंदणी चालू असावी लागते.

मग आयसीयू. जनरल वॉर्ड नको, ओपीडी नको, आणि ऐकून आश्चर्य वाटेल पण ऑपरेशन थिएटरही नको. सगळ्यांना वाटतं भूल देण्याचं काम थिएटरात, म्हणून अनुभवही थिएटरचाच लागेल. अमेरिकेतले अभ्यासक्रम अनुभव मागतात तो अतिदक्षता विभागाचा: व्हेंटिलेटर, रक्तदाब टिकवणारी औषधं, धमनीतली लाइन. भारतात राहूनच गंभीर रुग्णांमध्ये पुढे जायचं असेल तर इंडियन नर्सिंग कौन्सिलचा दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा निवासी अभ्यासक्रम आहे, तो जरूर बघा. त्यात भूल द्यायचा अधिकार मिळत नाही. पण डोकं तयार होतं.

इथे एक धोक्याची सूचना. छोट्या गावच्या दवाखान्यात कधीतरी फोन येतो: "सिस्टर, मी पोचतोच आहे, तोपर्यंत तुम्ही केटामाइन देऊन ठेवा, टाके घालायला सुरुवात करू." मला आला होता. मी दिलं नाही, आणि महिन्याभरात ती नोकरीही राहिली नाही. डॉक्टर हजर नसताना भुलीचं औषध नर्सनं द्यायचं नसतं. काही झालं तर कागदावर सही तुमची असते, फोनची नोंद कुठेच नसते.

५. अमेरिकेची नर्सची परीक्षा

परीक्षेचं नाव एनक्लेक्स-आरएन. त्याआधीची पायरी जास्त चेंगरते, ती म्हणजे कागदपत्रांची तपासणी. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं स्वतंत्र नर्सिंग बोर्ड असतं, नियमही वेगळे. बरीच बोर्डं तुमचं शिक्षण सीजीएफएनएस या संस्थेकडून पडताळून मागतात. तिचं नाव आता ट्रूमेरिट झालंय, जुनं नाव अजून सगळ्यांच्या तोंडात आहे.

त्यांना लागतं ते साधारण असं. कॉलेज किंवा विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट, ज्यात प्रत्येक विषयाचे वर्गातले तास आणि प्रात्यक्षिकाचे तास वेगवेगळे लिहिलेले. नर्सिंग कौन्सिलकडून नोंदणीची पडताळणी. दोन्ही त्यांनी थेट पाठवायला हवं. तुमच्या हातून गेलेला किंवा उघडलेला लिफाफा बाद होतो. इंग्रजीची परीक्षा बहुतेक ठिकाणी लागते.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. कॉलेजच्या कार्यालयात तुम्ही तासांचा तक्ता मागता. कारकून म्हणतात असा तक्ता नसतो. तुम्ही प्राचार्यांकडे जाता, त्या मीटिंगमध्ये. पुन्हा या. मी जळगावला चार फेऱ्या मारल्या. पाचव्या वेळी विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातल्या तासांची छापील प्रत, ट्रान्सक्रिप्टचा भरलेला नमुना आणि पत्ता लिहून तिकिटं लावलेला लिफाफा, असं सगळं तयार करूनच नेलं. अर्ध्या तासात सही-शिक्का मिळाला. कारकुनाला दोष देत नाही. त्यांनी तसा कागद आयुष्यात पाहिला नव्हता. हे काम कॉलेज सोडतानाच, सगळे शिक्षक ओळखत असतानाच करून घ्या.

राज्य निवडताना बघा, परवान्यासाठी तिथे सोशल सिक्युरिटी नंबर (आपल्या आधारसारखा तिथला क्रमांक) लागतो का. काही राज्यं त्याशिवाय परवाना देत नाहीत आणि भारतात बसून तो नंबर मिळत नाही.

परीक्षा संगणकावर होते. ८५ ते १५० प्रश्न, जास्तीत जास्त पाच तास. उत्तरं जशी द्याल तसा पुढचा प्रश्न अवघड-सोपा होत जातो. एप्रिल २०२३ पासून नवं स्वरूप आलं, त्यात एका रुग्णाचा कागद देऊन त्यावर प्रश्नांची मालिका असते. म्हणून त्याआधीची जुनी पुस्तकं मैत्रिणीकडून फुकट मिळाली तरी घेऊ नका. शुल्क २०० डॉलर, भारतात बसून द्यायची तर त्यावर आणखी १५० डॉलर आणि कर. मी अमेरिकेत आल्यावर दिली. माझ्या मैत्रिणीनं मुंबईत दिली: रात्री भुसावळला गाडीत बसली, सकाळी उतरून थेट केंद्रावर, आणि ओळखपत्र म्हणून आधार दाखवलं. तिथे फक्त पासपोर्ट चालतो. तो घरी, कपाटात. पैसे गेले. आदल्या दिवशी जा, नातेवाइकांकडे झोपा, आणि पासपोर्ट उशाखाली ठेवा.

६. व्हिसा: इथे एजंट खोटं बोलतात

ही पायरी मी लांबवणार आहे, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात.

नर्सला अमेरिकेत कायमचं जायची नेहमीची वाट म्हणजे ईबी-३ प्रवर्गातलं ग्रीन कार्ड. नर्सची तिथे टंचाई आहे हे सरकारनंच मान्य केलंय, त्यामुळे कामगार खात्याची एक लांबलचक पायरी वाचते. एजंट इथपर्यंत खरं सांगतो. पुढचं सांगत नाही: ग्रीन कार्डची रांग जन्मदेशाप्रमाणे लागते आणि भारतात जन्मलेल्यांची ईबी-३ ची रांग दहा वर्षांहून लांब आहे. फिलिपिन्सची नर्स तुमच्यानंतर अर्ज करून तुमच्या कितीतरी आधी पोचते. दर महिन्याला अमेरिकेचं परराष्ट्र खातं व्हिसा बुलेटिन काढतं, त्यात भारताच्या रकान्यातली तारीख बघा. तारीख वाचता आली की एजंटची गरज निम्मी संपते.

"एच-वन-बी वर नेतो" म्हणणाऱ्यापासूनही सावध. तो ठरावीक मुदतीच्या नोकरीचा व्हिसा, आणि साध्या स्टाफ नर्सच्या पदाला तो सहसा बसत नाही.

काही जणी विद्यार्थी व्हिसावर एम.एस्सी. करायला जातात आणि नंतर एक वर्ष कामाची परवानगी घेतात. खर्च मोठा, आणि त्या वर्षातले तीन-चार महिने आयसीयूच्या प्रशिक्षणातच जातात. पुढच्या प्रवेशाचं गणित जेमतेम बसतं.

मग मी कशी पोचले? खरं सांगते. नवऱ्याच्या मागे. तो आयटीतला, एच-वन-बी वर. त्याच्या ग्रीन कार्डाचा आय-१४० अर्ज मंजूर झाला होता, त्यामुळे मला एच-फोर व्हिसावर (एच-वन-बी वाल्याच्या जोडीदाराला मिळतो तो) कामाचा परवाना मिळाला. ही सोय २०१५ पासून आहे. परवान्याचं नूतनीकरण वेळेत आलं नाही तर दुसऱ्या दिवशी कामावर जाता येत नाही, ही टांगती तलवार कायम डोक्यावर. "तुझ्यासारखं करायचंय" म्हणणाऱ्या मुलींना मी हे आधी सांगते, म्हणजे माझ्या वाटेत हुशारी किती आणि योगायोग किती याचा अंदाज येतो.

जर्मनीचं काय? तिथे भारतीय नर्सना मागणी आहे, २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करारही केला. भाषा बी-वन, बी-टू पातळीपर्यंत शिकावी लागते. परिचारिका म्हणून मान्यता मिळाल्यावर नोकरी करता करता भूल आणि अतिदक्षतेचं दोन वर्षांचं विशेष शिक्षण घेता येतं. पण तिथे भूल डॉक्टर देतो, नर्स मदतीला असते. ज्यांना भुलीच्या कामाजवळ राहायचंय आणि दहा वर्षं रांगेत उभं राहायचं नाही, त्यांनी हा पर्याय मनापासून विचारात घ्यावा. माझ्याच बॅचची एक चोपड्याची मुलगी तिकडे आहे. व्हिडिओ कॉलवर कळण्याची भाकरी थापून दाखवते, तेव्हा हेवा वाटतो.

७. अमेरिकेतला आयसीयू आणि प्रवेश अर्ज

हा सापळा मला कुणीच सांगितला नव्हता. अ‍ॅनेस्थेशियाच्या अभ्यासक्रमाला किमान एक वर्षाचा पूर्णवेळ अतिदक्षता अनुभव लागतो, आणि तो अमेरिकेतला, तिच्या अखत्यारीतल्या प्रदेशातला किंवा तिच्या लष्करी रुग्णालयातला असावा लागतो. माझी नाशिकची दोन वर्षं कागदावर शून्य. हातांना मात्र ती लक्षात होती, आणि अमेरिकेतली नोकरी मिळताना मुलाखतीत त्यांचाच उपयोग झाला.

किमान एक वर्ष म्हटलं तरी दोन-तीन वर्षांचा अनुभव असलेल्यांचा निभाव जास्त लागतो. त्या काळात सीसीआरएन ही अतिदक्षतेची परीक्षा द्या. चालू नर्स अ‍ॅनेस्थेटिस्टच्या मागे एक-दोन दिवस नुसतं उभं राहून काम बघा, अर्जात त्याची नोंद मागतात. भारतातली पदवी तिथल्या श्रेणीत रूपांतरित करून घ्यावी लागते. काही ठिकाणी रसायनशास्त्र किंवा संख्याशास्त्राचा एखादा विषय नव्यानं द्यावा लागतो. मी संख्याशास्त्र दिलं, मुलगा दीड वर्षाचा असताना, रात्री अकरानंतर.

मुलाखतीत पाठांतर चालत नाही. मला विचारलं, "रक्तदाब पडतोय, तुम्ही नॉरएपिनेफ्रिन वाढवलं. का? दुसरं काय करता आलं असतं? ते का केलं नाही?" तीन प्रश्न लागोपाठ. आपल्याकडे नर्सिंगमध्ये आपण "सरांनी सांगितलं म्हणून" यावर वाढतो. ही सवय मोडायला मला एक वर्ष लागलं. भारतात असतानाच प्रत्येक ऑर्डरमागचं कारण रात्री डायरीत लिहायला लागा, सरांना न विचारता.

८. अभ्यासक्रम आणि शेवटची परीक्षा

हा आता डॉक्टरेट पातळीचा अभ्यासक्रम आहे, साधारण छत्तीस महिन्यांचा. २०२२ पासून नव्यानं प्रवेश घेणाऱ्या सगळ्यांना डॉक्टरेटच करावी लागते. ही पदवी मिळाली तरी तुम्ही नर्सच असता. गावाकडे "पोरगी डॉक्टर झाली" असे फ्लेक्स लागतात, ते थांबवण्याची जबाबदारी तुमची.

किमान ६०० केसेस आणि २००० तासांचं प्रत्यक्ष काम पूर्ण करावं लागतं. पहाटे पाचला थिएटरात. रोज त्याच क्रमानं मांडणी: मशीन, सक्शन, मॉनिटर, श्वासनळीचं सामान, सलाईन, औषधं. सक्शनची नळी चालू करून उशाखाली उजव्या हाताला. पहिल्या आठवड्यात मी ती डाव्या बाजूला ठेवली होती. रुग्णाला उलटी आली तेव्हा माझा हात उजवीकडे गेला आणि तिथे काहीच नव्हतं. शिक्षिकेनं नळी माझ्या हातात दिली, एक शब्द बोलली नाही. तेव्हापासून ती उजवीकडेच असते.

अभ्यासाच्या काळात नोकरी करू देत नाहीत, म्हणजे तीन वर्षं पगार शून्य आणि फी चालू. सरकारी विद्यार्थी कर्ज नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळतं, एच-फोरवालीला नाही. मला खासगी कर्ज घ्यावं लागलं, जामीन राहिला नवऱ्याचा एक मित्र, मूळचा सावद्याचा. सरकारी कर्ज मिळणाऱ्यांनीही बघावं: पदव्युत्तर शिक्षणासाठीचं ग्रॅड प्लस कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद होतंय. जुनी माहिती देणारे व्हिडिओ बघून हिशेब मांडू नका.

पदवीनंतर राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षा: १०० ते १७० प्रश्न, तीन तास. मग राज्याचा परवाना. किती स्वतंत्रपणे काम करता येईल हे राज्याराज्यावर अवलंबून आहे. काही ठिकाणी डॉक्टरच्या देखरेखीची अट आहे, तर मेडिकेअरच्या (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा तिथला सरकारी आरोग्य विमा) रुग्णांपुरती ती अट सोडणारं पहिलं राज्य आयोवा, २००१ मध्ये.

९. फोनवर हमखास विचारतात ते

बारावीपासून एकूण किती वर्षं? सगळं सुरळीत गेलं तरी दहा-बारा, व्हिसाची रांग धरली नाही तर. माझी सतरावी चालू आहे.

मुलग्यांना चालतं का? चालतं, तिथे या कामात पुरुष नर्स बऱ्यापैकी आहेत. धरणगावकडच्या एका काकांनी हे ऐकून मुलाला त्याच दिवशी सीईटीचा अर्ज भरायला लावला.

इंग्रजी कच्चं आहे, मराठी माध्यम. माझंही तेच. परीक्षेचं इंग्रजी सहा महिन्यांत येतं. रात्रीच्या पाळीला फोनवर सर्जनला रुग्णाची हकीकत सांगायचं इंग्रजी वेगळं, ते बोलूनच येतं. आरशासमोर उभं राहून रोज एक रुग्ण दोन मिनिटांत सांगा: कोण, काय झालं, आत्ता कसा आहे, मला काय हवंय.

वय तीस झालंय, उशीर झाला का? मी अभ्यासक्रमाला बसले तेव्हा माझं वय तिशीच्या पुढेच होतं. वयापेक्षा घरात मूल कोण सांभाळणार, हे आधी ठरवा. माझी आई सहा-सहा महिने येऊन राहिली. येताना बॅगेत शेंगदाण्याची चटणी आणि माझ्या सगळ्या मूळ गुणपत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत, कारण त्या कपाटात ठेवायला तिचा जीव होत नव्हता. मूळ कागद आईकडे, रंगीत स्कॅन तुमच्या ईमेलमध्ये आणि एक संच विश्वासातल्या भावाकडे, अशी तीन ठिकाणी विभागणी ठेवा.